खोबणीतला मळ

मित्रांनो, मला हात लावणार असाल तर आधी हात धुऊन या, आणि लावून झाल्यावर पुन्हा धुवा. आयुष्यभर इतक्या घाणीत राहिलो आहे की मला आता कुणाच्याच बोटांचा भरवसा वाटत नाही, माझ्या स्वतःच्या अंगाचाही नाही. मी पोलादाचा एक म्हातारा डबा आहे. दिसायला तुमच्या घरातल्या साखरेच्या डब्याएवढा, पण एका हाताने उचलायला गेलात तर मनगट धरून बसाल. माझं काम दळण्याचं. माझ्या पोटात पोलादाच्याच बोराएवढ्या गोळ्या असतात. त्यांच्याबरोबर धातूचा चुरा भरायचा, झाकण आवळायचं आणि मला यंत्रावर चढवून गरगर फिरवायचं. गोळ्या चुऱ्यावर आपटतात, त्याला चिरडतात, चिकटवतात, पुन्हा फोडतात. दहा-दहा, वीस-वीस तास हे चालतं. तुम्हाला आकाशपाळण्यात पाच मिनिटं फिरवलं तरी तुमचा चेहरा पांढरा पडतो, म्हणून सांगितलं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर हायड्रोजनसाठी. हा सगळ्यांत हलका वायू. जळला की धूर होत नाही, नुसतं पाणी होतं, म्हणून त्याच्यावर गाड्या चालवाव्यात असं माणसांच्या मनात आहे. पण त्याला ठेवायचं कुठे? टाकीत कोंबायचा तर टाकी जाडजूड हवी, आणि केसाएवढी फट मिळाली तरी स्वारी पसार. मग कुणीतरी शोधून काढलं की मॅग्नेशियमसारख्या धातूत थोडं निकेल मिसळून बारीक चुरा केला, तर तो चुरा हायड्रोजन पिऊन बसतो आणि गरम केलं की परत सोडतो. अडचण एकच. धातूच्या प्रत्येक कणावर हवेने धरलेली एक कडक साय असते. ती फुटल्याशिवाय हायड्रोजन आत शिरत नाही. ती साय फोडायची म्हणून मी. माझ्या पोटातच हायड्रोजन दाबून भरतात. गोळ्या साय फोडतात, चुरा वायू पितो, आणि माझ्या झाकणावरचा दाबाचा काटा हळूहळू खाली येतो. काटा जितका खाली आला, तितका वायू चुऱ्याने प्यायला असं माणसं धरून चालतात. हे जे धरून चालणं आहे ना, त्याचीच मला किळस आहे. तीच तुम्हाला सांगायची आहे.

मला एका टर्नरने बनवलं. पोलादाच्या गोल कांबीचा एक तुकडा त्याने लेथवर धरला, आतून पोकळ केला आणि तोंडाशी गोल खोबण कापली. ह्या खोबणीत रबराची कडी बसते, कडीवर झाकण बसतं, आणि मग आतला वायू आत राहतो. टर्नरने खोबणीत नख फिरवलं. कुठेतरी खरखरीत लागलं असावं, कारण त्याने मला पुन्हा लेथवर चढवलं. शेजारच्या यंत्रावरचा त्याचा जोडीदार वैतागला.

"अरे, सोड की आता. खोबणीच्या आत कोण बघायला बसलंय?"

"मी बघितलं ना," टर्नर म्हणाला. "आता झोप येणार आहे का मला?"

त्या माणसाचे हात काळेकुट्ट असत, तेलकट, नखांत लोखंडाचे कण. तरी त्या हातांची मला कधी किळस वाटली नाही. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा डबा नुसता नखरेल आहे.

तिथून मी एका संशोधन संस्थेत आलो. तळमजल्यावरची लांबट खोली, एका भिंतीला वायूची नळकांडी साखळीने बांधलेली, छताशी दिवसभर घरघरणारा पंखा, आणि मधोमध काचेची एक मोठी पेटी. पेटीला बाहेरून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे जोडलेले. त्यांत हात घालायचे आणि पेटीच्या आत, हवा लागू न देता, मला भरायचं. कारण हा बारीक दळलेला चुरा उघड्या हवेत आला की भस्सकन पेट घेतो.

ह्या खोलीचं सगळं मामांच्या ताब्यात होतं. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले कर्मचारी. खरे मामा ते कुणाचेच नव्हते, पण ह्या खोलीतल्या संशोधनाचे प्रमुख, मोठे सरसुद्धा त्यांना मामाच म्हणत. माणूस अतिशय कटकट्या. एक चुरा दळून झाला की मला तसं ठेवणं त्यांना चालायचंच नाही. माझ्या पोटात स्वच्छ बारीक वाळू भरून मला तासभर फिरवायचं, ती वाळू टाकून द्यायची, मग स्पिरिटने दोनदा खळबळायचं, आणि शेवटी दात घासायच्या जुन्या ब्रशने खोबण घासायची. ब्रश त्यांनी मेणबत्तीवर धरून वाकवला होता, म्हणजे कोपऱ्यात पोचावा. घासताना तोंडाने बडबड चालू. "कालचं उष्टं आज खायला घालतोस होय रे? तुझ्या घरी घालतात का असं?" हे मला नाही, ज्याने मला न धुता परत ठेवलेलं असे त्याला.

आणि दर सोमवारी माझा उपास. हे नाव मामांचंच. चुरा न घालता, नुसत्या गोळ्यांसकट, मला हायड्रोजनने भरायचं आणि दिवसभर टेबलावर बसवून ठेवायचं. सकाळी काटा कुठे होता, संध्याकाळी कुठे आहे, ते मामा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहीत. पोटात चुराच नाही, तर काटा हलायचं काही कारण नाही. हलला, तर डबा गळतो आहे. मग पुन्हा खोबण, पुन्हा ब्रश, कडी बदल. सरांच्या हाताखाली संशोधन करणारी पोरं ह्या सोमवारांवर वैतागायची. आख्खा दिवस फुकट जातो म्हणायची. मामांच्या मागे त्यांची नक्कल करायची, कंबरेवर हात ठेवून, भुवया चढवून. मला मात्र सोमवार आवडायचा. पोट रिकामं, अंग स्वच्छ, कुणी फिरवत नाही.

मामा निवृत्त झाले. चहा झाला, भाषणं झाली, मोठे सर म्हणाले की मामांची उणीव भासेल. भासली कुणाला? शी! दोन सोमवार पोरांनी कसाबसा उपास केला, तिसऱ्या सोमवारी विसरली, आणि चौथ्या सोमवारी कुणाला आठवणही राहिली नाही. वाळू संपली ती कुणी मागवलीच नाही. मला दळून झालं की एकदा स्पिरिट ओतायचं, हलवायचं, ओतून द्यायचं, की झालं स्वच्छ! तळाला चुरा थापला जायचा. त्याच्यावर दुसऱ्याचा चुरा. त्याच्यावर तिसऱ्याचा. एकाचं निकेल, दुसऱ्याचं टायटॅनियम, कुणाचं आणखी काही, सगळं एकमेकांत कालवलेलं. पाच माणसं एकाच ताटात जेवून उठली आहेत, ताट कुणी विसळलेलं नाही आणि सहाव्याला त्यातच वाढलं आहे, असं माझं पोट झालं. एका पठ्ठ्याने तर मला चहा पुसलेल्या फडक्याने पुसलं. दुसरा माझ्या झाकणावर बिस्किटं ठेवायचा. तिसऱ्याने भरताना पेटीचा हातमोजा फाटका आहे हे बघूनही वर चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, "चलता है." मला तोंड असतं तर मी त्या दिवशी उलटी केली असती.

सगळ्यांत वाईट अवस्था खोबणीची. तिच्यात चुरा गेला की तो दिसत नाही. वर रबराची कडी बसते, म्हणजे झाकूनच जातं सगळं. रोज चिमूटभर, रोज चिमूटभर. कडी नीट बसेना. एका बाजूला ती जराशी उचललेली राहायला लागली, आणि तिथून हायड्रोजन निसटायला लागला. फुस्स नाही, आवाज नाही, वास नाही. म्हाताऱ्या माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळावी आणि त्याला पुसता येऊ नये, तसं मला वाटायचं.

अशा अवस्थेत मी ताईच्या हाती आलो.

ताई ही मोठ्या सरांची विद्यार्थिनी. पाचवं वर्ष चालू होतं तिचं. मुदत एकदा वाढवून झाली होती, आता सरांच्या खास शिफारशीशिवाय वाढणार नव्हती. ह्या वर्षात काही ठोस हाती लागलं नाही, तर पदवी न घेता घरी जायचं. मुलगी मन लावून काम करणारी, चुरा मोजायची तर श्वास रोखून मोजायची. पण मी कुणाची बाजू घेणार नाही. तिनेही मला धुतलं नाही. तिच्या आधीचे सगळे जे करत तेच तिने शिकून घेतलं, स्पिरिट, हलव, ओत. तिच्या आईचा रोज दुपारी फोन यायचा. आईला हे प्रकरण नीट कळलेलं नव्हतं, पण काळजी पुष्कळ होती.

"झालं का गं तुझं ते पीठ दळून?"

"पीठ नाही गं आई. मिश्रधातू."

"तेच ते. जेवलीस का?"

ताईने मॅग्नेशियम, निकेल आणि तिसरा एक धातू मिळून नवं मिश्रण केलं होतं. ते माझ्यात भरलं, हायड्रोजन भरला, दहा तास फिरवलं. मी थंड झाल्यावर तिने काटा बघितला, आणि वही काढून आकडेमोड केली. शंभर ग्रॅमला सात ग्रॅम! निकेल घातलेल्या मिश्रणाने एवढा हायड्रोजन पिणं म्हणजे चमत्कारच. ताई धावतच सरांकडे गेली. सर आले, चष्मा वर करून काटा बघितला आणि म्हणाले, "पुन्हा फिरव."

पुन्हा सात. तिसऱ्यांदा फिरवलं, तरी सात.

"तीनदा तेच आलं म्हणजे पक्कं," सर म्हणाले आणि टेबलावर थाप मारली. अरे बाबांनो, गळका नळ तीनदा बघितला तर तीनदा तेवढाच गळतो! पण हे सांगणार कोण? शंभर ग्रॅमला साडेतीन ग्रॅमच्या आसपास चुऱ्याने प्यायला होता, उरलेला सगळा माझ्या खोबणीतून उडून छताच्या पंख्यातून बाहेर गेला होता. ते मला तर माहीतच होतं.

आता जे सांगतो ते सांगताना मला माझीच शिसारी येते. मला आनंद झाला. हो, झाला. इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, आणि आता माझे फोटो निघाले. लेख छापून आला, त्यात माझं चित्र. सरांनी कुणालातरी सांगून मला बाहेरून पॉलिश करून घेतलं, इतकं की सरांना माझ्या अंगात स्वतःचा चेहरा दिसायला लागला. वापर नसेल तेव्हा मला दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवायचे, खाली पाटी, "विक्रमी शोषण नोंदवणारा डबा". शाळेची मुलं रांगेने येऊन बघून जायची. आणि मी त्या काचेआड चकाकत बसलो होतो, पोटात सहा जणांचं उष्टं घेऊन. बोलता येत नव्हतं हे खरं. पण बोलता आलं असतं तर मी बोललो असतो का, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पुढे एक गोष्ट घडली. चुऱ्याने खरोखर किती हायड्रोजन घेतला हे बघायचं तर तो तापवून किती वायू बाहेर येतो ते मोजतात. ते यंत्र दुसऱ्या गावच्या संस्थेत होतं आणि तिथे चार महिन्यांची रांग होती. सरांनी लेख त्याआधीच पाठवला होता. ताईचा नंबर आला, ती नमुना घेऊन गेली आणि परत आली ती ओठ घट्ट मिटून.

"सर, तापवल्यावर साडेतीनच येतंय."

"त्यांचं यंत्र जुनं आहे."

"त्यांनी दुसरे दोन नमुने माझ्यासमोर मोजले, सर. ते बरोबर आले."

"मग वाटेत हवा लागली असेल. अगं, पुढच्या गुरुवारी पाहुणे येताहेत, टाक्या बनवणारे लोक. आपल्या आकड्यावर त्यांनी गाडीच्या टाकीचं काम काढायचं ठरवलंय. आत्ता मध्येच हे कुठे काढतेस?"

पण ताईच्या मनातून ते जाईना. बुधवारी सकाळी ती काहीतरी शोधताना जुन्या कपाटाचं दार उघडून उभी राहिली. आत मामांचा कागद अजून चिकटलेला होता. सोमवार, सकाळ, संध्याकाळ, सोमवार, सकाळ, संध्याकाळ. तिला अर्थ लागेना म्हणून तिने मामांना फोन लावला.

मामांचा आवाज फोनमधूनही खोलीभर ऐकू येई. "उपास! डब्याचा उपास गं. करता ना तुम्ही दर सोमवारी?"

"उपास? नाही करत, मामा."

"करत नाही?" मामा ओरडलेच. "आणि खोबण? खोबण कशाने घासता?"

"खोबण घासायची असते?"

मग मामा हळू आवाजात म्हणाले, "ताई, आधी रिकामा ठेव त्याला. चुरा घालू नकोस. सकाळी काटा लिही, संध्याकाळी लिही. मग मला सांग."

बऱ्याच वर्षांनी माझा उपास झाला. पण तो काय पूर्वीचा उपास? पोटात थर तसाच, खोबणीत मळ तसाच. ताई दिवसभर दुसरं काहीच न करता माझ्यासमोर स्टुलावर बसून होती. काटा उतरत होता. अकराला जरा, एकला आणखी, तीनला आणखी. कुणी पीत नव्हतं आणि काटा उतरत होता. पाच वाजता तिने आकडा लिहिला, आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मग कडी उचलून खोबणीत नख फिरवलं. नखाच्या टोकाला काळा चिकट गोळा आला. तिने तो लांब धरून बघितला, आणि तिचं नाक आक्रसलं.

साडेपाचला ती सरांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, मला इथवर ऐकू येत होतं. तिने सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"उद्या पाहुणे गेले की बघू," ते म्हणाले. "आत्ता काही हलवू नकोस, धुऊ नकोस. आहे तसंच चालू दे. तुझीच पदवी आहे ना ह्याच्यावर? मग!"

आत्ता काही धुऊ नकोस! मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ऐकलं आहे, पण ह्या वाक्याइतकं ओंगळ दुसरं काही ऐकलेलं नाही. घाण दिसली आहे, कुठे आहे ते कळलं आहे, आणि ती जपून ठेवायची आहे.

गुरुवारी दहा वाजता पाहुणे आले. पाच जण, सगळ्यांचे बूट चकचकीत, आणि त्यांच्यात टाक्यांचं काम बघणाऱ्या एक बाई, केसांत पांढऱ्या बटा आणि हातात वही. ताईने पंखा पूर्ण वेगाने लावला, काचेच्या पेटीत हात घालून माझं झाकण आवळलं, हायड्रोजन भरला आणि मला यंत्रावर चढवलं.

"भरलंस ना सगळं?" सरांनी जवळ येऊन विचारलं.

"डबा तयार आहे, सर," ताई म्हणाली.

यंत्र सुरू झालं आणि मी मनातल्या मनात ओरडलो. पोटात चुरा नव्हता! नुसत्या गोळ्या. त्या थेट माझ्या अंगावर आपटत होत्या, खण्ण खण्ण. चुरा असला की आवाज दबका येतो, जाड गादीवर काठी मारल्यासारखा. मामांनी तो आवाज जिन्यातून ओळखला असता. सर आपले हसून पाहुण्यांना मिश्रणाची माहिती देत होते. टाकीवाल्या बाई मात्र थांबल्या आणि कान देऊन म्हणाल्या, "आवाज फार करतो हो तुमचा डबा."

"पोलादच आहे ते," सर म्हणाले आणि सगळ्यांना इतर खोल्या दाखवायला घेऊन गेले.

तीन तास मी मार खाल्ला. एकदा वाटलं, ही पोरगी माझ्यावर कसला सूड उगवते आहे! मग वाटलं, उगवू दे. हवा आणि स्पिरिट लागून केव्हाच निर्जीव झालेला माझ्या आतला थर गोळ्यांनी ठोकला जात होता आणि मला चक्क बरं वाटत होतं.

जेवून पाहुणे परत आले. मी थंड झालो होतो. सर पुढे झाले, काट्यावर बोट ठेवलं. काटा उतरला होता, चांगला घसघशीत उतरला होता.

"बघा! तीन तासांत एवढा. अजून सात तास दिले की सात टक्के." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "पितोय की हो, पाण्यासारखा पितोय!"

ताईने नळी लावून उरलेला हायड्रोजन पंख्याच्या धुराड्यात सोडून दिला. मग मला यंत्रावरून उतरवलं, उघड्या टेबलावर ठेवलं आणि झाकणाचे बोल्ट सोडायला लागली.

"अगं, काय करतेस!" सर ओरडले. "हवा लागली तर पेटेल ते!" पाहुणे दोन-दोन पावलं मागे सरले. चकचकीत बूट एकमेकांवर पडले.

ताईचा हात थांबला नाही. झाकण निघालं. काही पेटलं नाही. टाकीवाल्या बाई एकट्याच पुढे आल्या आणि त्यांनी माझ्यात डोकावून बघितलं.

"ह्यात तर नुसत्या गोळ्या आहेत."

"हो."

"आणि पावडर?"

"भरलीच नव्हती," ताई म्हणाली.

"मग हायड्रोजन प्यायला कोण?"

"कोणीच नाही. डबा गळतो. आमचा आकडा चुकलाय. खरा आकडा साडेतीनच्या आसपास आहे. तुम्ही सातवर टाकी बांधली असती म्हणून आधी दाखवलं."

बाईंनी वही मिटली. त्या चिडल्या नाहीत की हसल्या नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्या मागोमाग बाकीचे. सर दारापर्यंत गेले आणि परत आले.

"हे मला आधी सांगायचं होतंस."

"काल सांगितलं, सर. साडेपाचला."

सर निघून गेले. त्यानंतर कित्येक दिवस ते ह्या खोलीकडे फिरकले नाहीत. मासिकाला लेख मागे घेत असल्याचं पत्र ताईने लिहिलं. सरांनी त्यावर सही केली, पण तोंड फिरवून केली असं ऐकलं. ताईची मुदत संपत आली होती. जास्तीच्या वर्षासाठी सरांची शिफारस लागणार होती, आणि तो अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच पडून होता. माझ्या नावाची पाटी मात्र काचेच्या कपाटात तशीच राहिली. ती काढायला कुणाला सवड झाली नाही. येणारी मुलं ती रिकाम्या जागेसमोर उभं राहून वाचायची.

पत्र गेलं त्या दुपारी आईचा फोन आला.

"म्हणजे पाच वर्षं दळलेलं सगळं वाया?"

"सगळं नाही. पण आकडा खोटा होता आई. भांड्यातच दोष होता."

"भांडं धुतलं नव्हतंस का गं?"

ताईला हुंदका आवरेना. आपण असं काय बोललो ते आईला कळेना. ती बिचारी पलीकडून नुसतं "अगं, अगं, मी सहज विचारलं" करत राहिली.

मग एका दुपारी सर आले. एकटेच. ताई उठून उभी राहिली. सरांनी कोट खुर्चीवर टाकला आणि बाह्या दुमडल्या. त्यांच्या दंडांवर ऊन कधी पडलंच नसावं, इतके ते पांढरेफटक.

"ब्रश कुठे आहे?"

ताईने मामांसारखाच वाकवून घेतलेला ब्रश आणि स्पिरिटची बाटली पुढे केली. सरांनी मला कुशीवर आडवं केलं, कडी काढली आणि खोबण घासायला लागले. सवय नव्हती. दोनदा ब्रश निसटला, बोट खरचटलं. खाली पांढरा कागद अंथरला होता, त्यावर मळाचे पापुद्रे पडायला लागले. करडे, काळे, गंजल्यासारखे तांबूस. इतके पडले की कागद मध्यभागी दिसेनासा झाला. सरांनी बोटाने एक पापुद्रा उचलला, तो बोटाला चिकटला, आणि त्यांनी हात झटकला.

"शी! काय आहे हे? कुणाचं आहे?"

"आपलं, सर," ताई म्हणाली. "हा तांबूस थर तुमच्या आधीच्या विद्यार्थ्याचा. हा करडा त्याच्या आधीच्याचा असेल. वरचं काळं माझं."

सर त्या कागदाकडे बघत राहिले. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, मला आयुष्यभर होत आलं तसं. ओकारी आल्यासारखी मान एकदा मागे गेली. इतक्या वर्षांत ह्या खोलीत माझ्याखेरीज कुणाला तरी किळस आलेली मी पहिल्यांदा बघितली.

"मामांनी घासलं नसतं तर ह्यात माझंही असतं," ते म्हणाले. "सर व्हायच्या आधी मीसुद्धा ह्याच डब्यात दळायचो. मामा ओरडायचे, म्हणून ते नसतील तेव्हा न धुताच ठेवून जायचो."

त्यांनी ब्रश पुन्हा स्पिरिटमध्ये बुडवला आणि घासायला लागले. संध्याकाळ होईपर्यंत घासत होते. मग हात धुतले, साबण लावून, पुन्हा साबण लावून, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "अर्जावर सही केली आहे. वर्षभर मिळेल. साडेतीन तर साडेतीन, तेच लिही."

मित्रांनो, मी अजून ह्याच खोलीत आहे आणि मला अजूनही पुष्कळ गोष्टींची किळस येते. पण तुम्हाला विनंती करायची तर एकच करीन. तुमच्या हाती जे भांडं येईल, यंत्र येईल, वही येईल, ती आधी कुणीतरी वापरलेली असेल, आणि तुमच्यानंतर कुणीतरी वापरणार असेल. काम झालं की तिला धुवा, मग घरी जा. नंतर धुऊ म्हणणारे परत येत नाहीत, हे मी माझ्या पोटात मोजलेलं आहे. आणि धुवायचं तर आतून धुवा. बाहेरून मला पुष्कळ जणांनी पुसलं आहे.